अर्धा मिलिमीटर

माझ्या मुलीच्या दातांच्या फायलीत एक पिवळे कार्ड आहे. त्यावर तीन वेगवेगळ्या तारखांपुढे एकच नोंद आहे : 'स्ट्रिपिंग केले.' पहिल्या नोंदीचे अक्षर बरे आहे. तिसऱ्या नोंदीपर्यंत नुसते 'स्ट्रि. के.' एवढेच उरले आहे. शाळेतली मुले निबंधाची वही सुरुवातीला टापटीप लिहितात आणि शेवटी शेवटी नुसत्या रेघोट्या ओढतात, तसाच हा प्रकार. कोणत्या दातांमधून घासले, किती घासले, याचा त्या कार्डावर पत्ता नाही.

यजमानांची बदली झाली, गाव बदलले आणि दातांचे डॉक्टरही बदलावे लागले. नव्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी मुलीचे तोंड बराच वेळ पाहिले आणि मला विचारले, "बाई, खालच्या पुढच्या दातांमधून आधी किती घासलंय?"

मी कार्ड पुढे केले. त्यांनी ते वाचले आणि बाजूला ठेवले. "घासलं, हे कळलं. किती घासलं, ते कुठे आहे?"

मी गप्प बसले. गणिताच्या उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर मी पोरांचा अर्धा गुण कापते. वीस वर्षे कापत आले आहे. आणि माझ्याच पोरीच्या दातांची नोंद विनाआकड्याची, हे दीड वर्षात माझ्या ध्यानात आले नव्हते. जुन्या दवाखान्यात फोन केला. सुरुवातीला घेतलेले प्लॅस्टरचे साचे रंगकामाच्या वेळी टाकून दिले, असे उत्तर आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग मला पुढे हात लावता येणार नाही. आत किती शिल्लक आहे तेच ठाऊक नाही."

तेव्हा मला आठवले की पहिल्या भेटीत साच्यांचा एक जास्तीचा जोड निघाला होता आणि तो मुलीने हट्टाने मागून घेतला होता. गेले दीड वर्ष तो आमच्या घरी माझ्या कादंबरीच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला होता! त्या साच्यांकडे मी पुढे येईनच. पण त्या दिवसापासून मला या दोन दातांमधल्या फटीच्या इतिहासाचे वेड लागले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. डॉक्टरीणबाईंनी दिलेले छापील लेख मी मुलीला शेजारी बसवून, कोश उघडून वाचले. जे समजले ते इथे मांडते.

आधी हे घासणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. दात एकमेकांवर चढलेले असले, जबड्यात जागा अपुरी असली, तर जागा करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. जबडा रुंद करावा, दात पुढे ढकलावेत, एखादा दात काढून टाकावा, किंवा दातांच्या शेजारच्या बाजू किंचित घासून प्रत्येक दात थोडा थोडा अरुंद करावा. हा शेवटचा मार्ग म्हणजे स्ट्रिपिंग. घासले जाते ते दाताचे वरचे कवच, इनॅमल. आपल्या शरीरात याच्याइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. वजनाने त्याचा शेकडा ९६ भाग खनिजाचा असतो. आणि तो घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात. म्हणजे हाड मोडले तर जुळते, कातडी सोलली तर भरून येते, पण इनॅमल गेले की गेले. खालच्या पटाशीच्या दातांच्या शेजारच्या बाजूंना त्याची जाडी मिलिमीटरच्या सहा ते आठ दशांशांच्या आसपास असते. दाढांना याहून जास्त.

आमच्याकडे शेतीचे भांडण बहुधा बांधावरून असते. शेजारी दर नांगरटीला बांध वीतभर कोरतो. एका वर्षी कळत नाही, दहा वर्षांनी मोजणीदार साखळी टाकतो तेव्हा कळते. दातांमधल्या बांधाचेही तसेच आहे. फरक इतकाच की इथे कोरणारा तुमच्या हिताचा आहे आणि बांध पुन्हा घालता येत नाही.

दात सरळ करण्याच्या शास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, तो एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) या कोरण्याला कधीच राजी झाला नसता. अमेरिकेतल्या या गृहस्थाने १८९९ मध्ये वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले. ते आजही विद्यार्थी पाठ करतात. १९०० मध्ये सेंट लुई येथे त्याने या विषयाची पहिली शाळा काढली. स्वभाव हट्टी, शिष्यांवर जरब. आपल्या पुस्तकाच्या आधीच्या आवृत्त्यांत त्याने दात काढण्याला थोडी मुभा दिली होती. पण १९०७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत तो ठाम झाला होता की निसर्गाने माणसाला दिलेले बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात बसलेच पाहिजेत, आणि ते नीट बसवले की चेहरा आपोआप सुंदर होतो. पूर्ण, निर्दोष दातांची एक कवटी त्याने आदर्श म्हणून मांडली. 'ओल्ड ग्लोरी' हे तिचे लाडके नाव. चेहऱ्याच्या सौंदर्याचा नमुना म्हणून त्याने ग्रीक देव अपोलोच्या पुतळ्याकडे बोट दाखवले होते. पण वुर्पेल नावाच्या चित्रकाराने त्याला समजावले की माणसांचे चेहरे एका साच्याचे नसतात, सौंदर्याचे एकच माप नसते. चित्रकाराचे म्हणणे त्याने ऐकले, ही गोष्ट मला त्याच्याविषयी आदर वाटायला लावते. मात्र बत्तीस दातांचा हट्ट त्याने सोडला नाही.

त्याचा प्रतिपक्षी कॅल्व्हिन केस. गरज असेल तेव्हा दात काढावा, असे तो म्हणे. १९११ मध्ये एका सभेत या प्रश्नावर दोन पक्ष समोरासमोर आले. केसने आपली बाजू मांडली, अँगलच्या बाजूने मार्टिन ड्यूई लढला. त्या वादातले बोलणे पुढे बराच काळ उगाळले गेले. तेव्हा विजय अँगलच्या पक्षाचा झाला असे मानतात. पण तोंडातले दात सभेचा ठराव पाळत नाहीत. बत्तीस दात दाटीवाटीने बसवले, तारा काढल्या, की ते पुन्हा एकमेकांच्या अंगावर पडू लागत. अँगलचाच एक शिष्य, अॅरिझोनाचा चार्ल्स ट्वीड, याने हे स्वतःच्या रुग्णांत पाहिले. मग त्याने आधी दात न काढता उपचार केलेल्या शंभर रुग्णांवर चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये ते दोन्ही वेळचे साचे लोकांपुढे मांडले. आपल्या चुकांचे शंभर नमुने टेबलावर मांडायला छाती लागते.

दुसरा शिष्य दूरचा. पर्सी रेमंड बेग. १८९८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कूलगार्डी या सोन्याच्या खाणींच्या गावी जन्मला. १९२४-२५ च्या सुमारास तो कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला जाऊन अँगलपाशी शिकला आणि अॅडिलेडला परतून गुरूच्या पद्धतीने काम करू लागला. दोनएक वर्षांतच त्याला ट्वीडसारखाच अनुभव आला. १९२८ पासून त्याने दात काढणे आणि दातांच्या बाजू घासून अरुंद करणे सुरू केले. पण नुसते 'जमते म्हणून करतो' यावर त्याचे समाधान झाले नाही. गुरूचा मुद्दा निसर्गाचा होता, तेव्हा उत्तरही निसर्गातून हवे होते. त्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या जुन्या कवट्यांचे दात अभ्यासायला घेतले.

त्याला काय दिसले? दात वरून झिजलेले होतेच. शिवाय शेजारच्या दाताला जिथे टेकतात तिथेही झिजून सपाट झालेले होते. चघळताना प्रत्येक दात आपल्या खोबणीत किंचित हलतो, शेजाऱ्याशी घासतो. अन्नात वाळू-माती, कडक तंतू असले की ही झीज वाढते. आणि झीज होते तसतसे दात पुढे सरकून फट बुजवतात. खालच्या ओळीची लांबी अशा झिजेने आयुष्यभरात सेंटिमीटरहून काहीशी अधिक घटते, असा त्याने हिशेब मांडला. १९५४ साली त्याचा 'अश्मयुगीन माणसाचे दात' या अर्थाच्या मथळ्याचा प्रसिद्ध लेख आला. बेगचे म्हणणे थोडक्यात असे : दात झिजतील हे गृहीत धरूनच निसर्गाने ते मोठे केले आहेत, मऊ अन्न खाणाऱ्या आपल्या तोंडात ती झीज होत नाही, तेव्हा डॉक्टरने दात काढला किंवा घासला तर तो निसर्गाविरुद्ध जात नाही, त्याचे राहिलेले काम पुरे करतो.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. पहाटे जात्यावर बसणारी, ज्वारीची भाकरी खाणारी. जात्याला टाकी लावून आणल्यावर पहिल्या पिठात कचकच असायचीच. सत्तरीत तिच्या दाढा पाटासारख्या सपाट झाल्या होत्या, पण दात एका ओळीत, दोरी धरून लावल्यासारखे. माझ्या मुलीने जाते प्रदर्शनात पाहिले आहे. पुण्याजवळ इनामगावला १९६८ पासून पुढे कित्येक वर्षे उत्खनन झाले, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे मिळाले. जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजातले वाळिंबे यांनी त्यांच्या हाडादातांचा अभ्यास करून १९८६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या मातीतल्या जुन्या दातांचेही दप्तर आहे. ते बेगच्या हिशेबाशी ताडून पाहण्याइतकी माझी पात्रता नाही.

पण बेगचा हिशेब निर्विवाद नाही. १९९० मध्ये रॉबर्ट कोरुचिनी याने तो तपासला आणि म्हटले की ज्या वयात दातांची गर्दी होते, त्या वयापर्यंत एवढी झीज झालेलीच नसते. त्याच्या मते खरे कारण वेगळे : लहानपणी कडक अन्न चावले नाही की जबडाच पुरेसा वाढत नाही. दात मोठे नव्हेत, घर लहान. मला हे अधिक पटते. आणखी एक गोष्ट बेग वाचताना खटकली. ज्यांना त्याने अश्मयुगीन म्हटले त्यांची नातवंडे-पतवंडे त्याच्याच काळात, त्याच्याच देशात राहत होती. आणि अशा कवट्यांपैकी कितीतरी त्यांच्या थडग्यांतून, कुणाला न विचारता काढलेल्या होत्या. अलीकडच्या दशकांत ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयांनी असे अवशेष त्या त्या लोकांना परत देऊन पुन्हा पुरण्यास आरंभ केला आहे. याउलट अॅडिलेडच्याच मरे बॅरेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते १९७१ या काळात युएन्डुमू या वस्तीत दरवर्षी जाऊन जिवंत वार्लपिरी माणसांच्या दातांचे साचे घेतले. मूल मोठे होता होता त्याचे दात कसे बदलतात, ते वर्षावर्षाने प्लॅस्टरमध्ये उतरले. ते साचे कुणी रंगकामाच्या वेळी टाकून दिले नाहीत, म्हणूनच त्यांवर आजवर संशोधन होऊ शकले.

असो. घासावे की नाही, याचा वाद हा असा चालला होता. किती घासावे, हा प्रश्न मात्र मोजणाऱ्या माणसांचा. त्यांच्यात गाजावाजा नाही. मला ती माणसे जास्त आवडली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक याने माणसाच्या दातांची मापे घेऊन प्रत्येक प्रकारच्या दाताची सरासरी रुंदी कोष्टकात मांडली. पण सरासरीने एका माणसाचे काम होत नाही. १९४४ मध्ये मरे बॅलर्ड याने ५०० जणांचे साचे घेतले आणि प्रत्येक डाव्या दाताची तुलना त्याच्याच उजव्या जोडीदाराशी केली. शेकडा ९० जणांत कुठे ना कुठे पाव मिलिमीटर किंवा अधिक फरक निघाला. म्हणजे आपण आरशात ज्याला सारखे समजतो ते बहुतेकांचे सारखे नसते. जिथे असा तोल बिघडला आहे तिथे, मुख्यतः पुढच्या दातांत, विचारपूर्वक घासावे, असे त्याने सुचवले. घासण्याला हे पहिले अंकगणित मिळाले, असे मला वाटते. १९५६ मध्ये हडसन याने खालच्या सहा पुढच्या दातांच्या इनॅमलची जाडी आणि घासण्याचे परिणाम पाहिले. या सहांतून सुमारे तीन मिलिमीटर जागा मिळू शकते, असे त्याने म्हटले.

आणि मग १९५८ मध्ये वेन बोल्टन. सिएटलच्या विद्यापीठातला. त्याने उत्कृष्ट दंतरचनेचे ५५ नमुने निवडले. त्यांतले ४४ उपचार केलेले, ११ निसर्गतःच चांगले. टोकदार कंपासाने एकेक दात मोजला. खालच्या सहा पुढच्या दातांच्या रुंदीची बेरीज घ्यायची, तिला वरच्या सहांच्या बेरजेने भागायचे आणि शंभराने गुणायचे : ७७.२. दोन्हीकडचे बारा-बारा दात घेतले तर ९१.३. बस, एवढेच. सातवीच्या मुलाला येणारे गणित. पण त्याने केवढी सोय झाली! समजा वरच्या सहांची बेरीज ४६ मिलिमीटर आहे. तर खालची सुमारे साडेपस्तीस हवी. ती साडेसदतीस भरली, तर खाली दोन मिलिमीटर जास्त आहेत, आणि ते कुठेतरी नडणारच. तार कितीही ओढा. सुताराची बिजागरी जशी दार नि चौकट दोन्ही मापात असल्याशिवाय बसत नाही, तसे. पंचावन्न माणसांचे प्रमाण साऱ्या मनुष्यजातीला कसे लावायचे, ही शंका पुढे अनेकांनी काढली आणि निरनिराळ्या देशांत वेगवेगळे आकडे निघाले. पण कागद-पेन्सिल घेऊन बसायची सवय बोल्टनने लावली, हे खरे.

१९७२ मध्ये पेक बंधूंनी निराळेच माप काढले. खालच्या पटाशीच्या दाताची रुंदी त्याच्या पुढून मागच्या जाडीशी किती प्रमाणात आहे? मधल्या दाताला शेकडा ८८ ते ९२, त्याच्या शेजारच्याला ९० ते ९५ असावी. त्याहून जास्त रुंद दात वाकडे होण्याचा संभव अधिक, आणि तेच घासण्याजोगे. हा नियमही सर्वांना मान्य झाला असे नाही. मला त्यातली दृष्टी आवडते : घासण्यापूर्वी त्या दाताची परवानगी मागितल्यासारखी.

या काळापर्यंत घासणे म्हणजे मुख्यतः पुढचे दात आणि हातात धरायची घासपट्टी, पॉलिश पेपरासारखी. १९८५ मध्ये अमेरिकेत लुइझियानाच्या जॅक शेरिडन याने डाव बदलला. हवेच्या दाबाने फिरणारे, दाताला भोक पाडायचे जे यंत्र, त्यानेच मागच्या दाढांमधले इनॅमल कमी करायचे. कारण सरळ होते. दाढांचे इनॅमल जाड, तिथे शिल्लक अधिक. त्याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. एका जबड्यात सुळ्यापासून सुळ्यापर्यंत पाच सांधे. प्रत्येकी अर्धा मिलिमीटर, म्हणजे अडीच. सुळ्यामागे दुसऱ्या दाढेपर्यंत प्रत्येक बाजूला चार, मिळून आठ सांधे. प्रत्येकी आठ दशांश, म्हणजे ६.४. एकूण ८.९ मिलिमीटर. एक उपदाढ सुमारे सात मिलिमीटर रुंद असते. दोन उपदाढा काढण्याइतकी नाही, पण एकीपेक्षा जास्त जागा एकही दात न काढता मिळाली! हिरडीला इजा होऊ नये म्हणून सांध्याखाली पितळी तार घालायची आणि यंत्र तिच्या वरच चालवायचे, ही त्याची युक्ती. अँगल आणि केस यांच्यामधली ही वाटाघाट म्हणायची. बत्तीस दात राहिले, पण थोडे थोडे बारीक होऊन.

मात्र वेगाने फिरणारे यंत्र आले आणि मोजण्याची निकड वाढली. घासपट्टीने दशांश काढायला हात दुखतो; यंत्राला क्षण पुरतो.

१९९७ मध्ये कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली आणि तारांऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे आले. आता संगणक आधीच दात हलवून दाखवतो आणि छापून देतो : या दोन दातांत ०.२, त्या दोन दातांत ०.३, अमुक साच्याच्या आधी. बोल्टनची पेन्सिल संगणकाच्या हाती गेली. पण संगणकाने ०.३ लिहिले म्हणून तोंडात ०.३ होते का?

इथे माझ्या दादाचे गॅरेज कामी आले. डॉक्टरीणबाईंनी मला घासल्यानंतरची फट मोजायचे हत्यार दाखवले : पोलादाच्या पातळ पात्या, ०.१ पासून ०.५ पर्यंत, प्रत्येकीवर आकडा. मी म्हटले, "अहो, हे तर फिलर गेज!" दादा मोटारसायकलच्या प्लगची फट अशाच पात्यांनी बघतो. त्या हसल्या. "तेच. पण प्लग हलत नाही, दात हलतो." आणि त्यांनी समजावले. दात हाडात सिमेंटसारखा बसलेला नसतो. भोवती तंतूंची पातळ गादी असते. पाती घट्ट सारली की ती पाचरीसारखी काम करते, दोन्ही दात क्षणभर बाजूला सरकतात आणि फट आहे त्याहून मोठी भासते. म्हणजे पाती शिरली ०.३ ची, घासले गेले असेल कमी. सैल शिरली तर नेमकी किती सैल, तेही हाताच्या अंदाजाचे. शिवाय दात वाकडे असताना सांधा असतो एकीकडे, पाती जाते दुसरीकडे. म्हणून आधी दात थोडे सरळ करून मगच घासावे, असे पुष्कळांचे मत.

घासपट्टीच्या जाडीवरून हिशेब करणेही फसवे. २०१३ मध्ये जोनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या उपदाढांवर प्रयोगशाळेत तीन तऱ्हेची हत्यारे चालवून पाहिली : हाताची पट्टी, यंत्राची पट्टी, डोलणारी चकती. ठरवले होते त्याहून प्रत्यक्षात घासले गेले ते बहुधा कमीच निघाले. पारदर्शक साच्यांच्या रुग्णांवर नंतर झालेल्या पाहण्यांतही कल तोच दिसला. वाचून मला थोडे हायसे वाटले. पण 'बहुधा कमी' म्हणजे 'नेहमी कमी' नव्हे, हे मास्तरकी केलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

खरे मोजायचे तर दात घासण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजला पाहिजे. साच्यावर व्हर्नियरने, किंवा आता तोंडात फिरवायच्या कॅमेऱ्याने घेतलेली दोन चित्रे एकमेकांवर ठेवून. १६३१ मध्ये पिएर व्हर्नियर या फ्रेंच गणितज्ञाने शोधलेली ती सरकती पट्टी. तिच्या साध्या दोन जबड्यांना अजून पेन्शन मिळालेली नाही.

आणि घासलेल्या दातांचे पुढे काय होते? १९८८ मध्ये राडलान्स्की याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर घासल्याचे चर पॉलिश केल्यावरही उरलेले, त्यांत किटण साठलेले. घाबरवणारी चित्रे आहेत ती. उलट ऑस्लोच्या झाक्रिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये, घासून दहाहून अधिक वर्षे झालेल्या रुग्णांना परत बोलावून तपासले. खालच्या पुढच्या दातांत घासल्यामुळे नवी कीड आढळली नाही, हिरड्याही धड होत्या. पण ते घासणे बारीक चकतीने, गारवा ठेवून, काळजीपूर्वक पॉलिश केलेले होते. दोन्ही खरे आहे. हात कोणाचा, यावर बरेच असते.

आता आमचे साचे. एका शनिवारी दुपारी दवाखाना रिकामा असताना डॉक्टरीणबाई, मी आणि मुलगी टेबलाभोवती बसलो. जुन्या साच्यावरची धूळ आणि शाईचा एक डाग मी घरीच पुसला होता. त्या व्हर्नियर लावत, आकडा म्हणत; मी लिहून घेई. प्रत्येक दात दोनदा मोजला. दोन आकड्यांत एक दशांशाहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. जुन्या साच्यात खालच्या सहांची बेरीज ३७.८. आजची ३६.०. म्हणजे तीन वेळा 'स्ट्रिपिंग केले' याचा अर्थ १.८ मिलिमीटर. पाच सांध्यांना मर्यादा अडीचची. तिच्या आत होते. माझा जीव खाली बसला.

पण त्यांचा बसला नव्हता. एकेका दाताची वजाबाकी केली तेव्हा दिसले की उजव्या मधल्या दाताचे चार दशांश गेले आहेत आणि डाव्या मधल्याचे सात. शेजारच्या दोघांचे तीन-तीन, एका सुळ्याचा एक. बांध एकाच बाजूने जास्त कोरला गेला होता. "या डाव्याला आता कुणीच हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि तसे लाल शाईने लिहिले.

मग वरचे सहा मोजले : ४६.२. बोल्टनच्या हिशेबाने खालचे ३५.७ असायला हवेत. उपचाराच्या सुरुवातीला ३७.८ होते, म्हणजे दोन मिलिमीटरहून अधिक जास्त. तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी घासायचे ठरवले ते चुकीचे नव्हतेच. कार्ड हातात आल्यापासून मी मनातल्या मनात त्यांना जे काही म्हणत होते, त्यातले अर्धे मला परत घ्यावे लागले. अर्धे ठेवून घेतले आहे. निर्णय बरोबर होता म्हणून कार्ड कोरे ठेवायचा हक्क मिळत नाही. आणि साचे त्या दिवशी टेबलावर नसते, तर पुढच्या हाताने चांगल्या हेतूने त्या डाव्या दाताचे आणखी दोन-तीन दशांश काढले असते.

उरले तीन दशांश. ते दोन सुळ्यांच्या बाहेरच्या बाजूने, प्रत्येकी दीड, आणि तेही दात पूर्ण रांगेत आल्यावर लागलेच तर, असे ठरले. डॉक्टरीणबाईंनी नवे कार्ड काढले. त्यावर दातांची ओळ आखली, प्रत्येक सांध्यापाशी एक चौकट केली आणि तारीख घालून आकडे भरले. जिथे काही केले नव्हते तिथेही शून्य लिहिले.

उठताना मुलीने सवयीने साचे पिशवीत टाकले. "हे आता इथेच राहू देत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे, आणि म्हणाली, "मग पावती द्या."

त्यांनी दिली.